अर्थशास्त्राची सुरुवात कांद्याच्या पट्टीपासून करा

माझ्या वडिलांनी १९८९ साली लोणंदच्या बाजारात कांदा विकला, त्याची पट्टी, म्हणजे अडत्याने दिलेली विक्रीच्या हिशेबाची पावती, माझ्याकडे अजून आहे. कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. अकरावीच्या पहिल्या तासाला फळ्यावर व्याख्या लिहायची नाही, ही पट्टी उतरवायची, असा माझा नेम होता. व्याख्या पाठ करून आलेली मुलं बारावीपर्यंत पाठच करत राहतात. पट्टीपासून सुरुवात केलेली मुलं प्रश्न विचारायला लागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. म्हणून हे शास्त्र नेमकं कशाचं आहे, ते आलं कुठून आणि घरबसल्या त्याला हात कसा घालायचा, असं कोणी विचारलं की मी त्याच वाटेने नेते.

पट्टी अशी होती. हळवा (लवकर तयार होणारा) कांदा, ४० पिशव्या, २० क्विंटल, दर ११० रुपये. एकूण २,२०० रुपये. त्यातून वजा: शेकडा ६ प्रमाणे अडत (माल विकून देणाऱ्या अडत्याचं कमिशन) १३२, हमाली ४०, तोलाई २०, मोटारभाडं २५०. हातात आले १,७५८ रुपये.

तुमच्याकडे कांद्याची पट्टी नसेल तर दूध डेअरीची दहा दिवसांची पट्टी घ्या, वाण्याची यादी घ्या, क्लासच्या फीची पावती घ्या. कागद मात्र असा हवा की त्यावर एकापेक्षा जास्त माणसांचा व्यवहार उतरलेला असेल. तो वहीत आपल्या हाताने उतरवून काढा. मोबाइलवर फोटो काढून भागत नाही. उतरवताना प्रत्येक ओळीपाशी थांबावं लागतं आणि तेवढ्यासाठीच हे काम आहे. मग प्रत्येक आकड्यासमोर त्यामागच्या माणसाचं काम लिहा. १३२ रुपयांमागे अडत्या आहे, ४० मागे पिशव्या उतरवणारे हमाल, २० मागे काट्यावरचा तोलारी, २५० मागे टेम्पोवाला आणि ११० या दरामागे लिलावात बोली लावणारे व्यापारी. कागदावर नुसते रुपये दिसत होते, पण समोर माणसं उभी राहतात. कोणी कोणासाठी काय केलं, त्याचं मोल कसं ठरलं, ते कोणाच्या अंगावर पडलं, या प्रश्नांचं शास्त्र ते अर्थशास्त्र. सामाजिक शास्त्रांत त्याची गणना होते ती याच कारणाने. पैसा हे त्यातलं मोजण्याचं माप आहे.

आता त्याच पानावर आणखी एक रकाना आखा आणि वर लिहा: ‘याऐवजी काय?’ त्या रानात कांदा लावला नसता तर वडिलांनी बाजरी पेरली असती. बाजारात गेलेला अख्खा दिवस त्यांनी विहिरीच्या कामाला दिला असता. बियाण्याला घातलेले पैसे माझ्या आत्याच्या लग्नाच्या देण्यात गेले असते. यातलं काहीही पट्टीवर नाही, तरी ते सगळं त्या १,७५८ रुपयांची खरी किंमत ठरवतं. पाठ्यपुस्तकात याला संधी खर्च म्हणतात आणि दोन गुणांसाठी विचारतात. माझ्या मते तो या शास्त्राचा कणा आहे. जो पर्याय सोडून दिला त्याची आठवण ठेवून हिशेब करायला शिकलात, की निम्मं अर्थशास्त्र हाती आलं.

हे दोन रकाने भरून झाल्यावरच शब्दाच्या मुळाशी जा, कारण आपल्याकडे या शब्दानेच बराच गोंधळ घातला आहे. इकॉनॉमिक्स हा शब्द ग्रीक भाषेतून आला. ओइकोस म्हणजे घर आणि नोमोस म्हणजे नियम, व्यवस्था. झेनोफन या ग्रीक लेखकाने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ओइकोनोमिकोस नावाचा संवाद लिहिला. त्यात शेतीवाडी, नोकरचाकर, कोठार आणि घर कसं सांभाळावं याची चर्चा आहे. म्हणजे मूळ शब्द घर चालवण्याचा आहे. ॲरिस्टॉटलने तर घरासाठी लागेल ते मिळवणं आणि पैशासाठी पैसा वाढवत राहणं यांत फरक केला, आणि दुसऱ्या प्रकाराला नावं ठेवली.

आपला ‘अर्थशास्त्र’ हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. कौटिल्याच्या ग्रंथात शेवटच्या, पंधराव्या अधिकरणाच्या आरंभी व्याख्या दिली आहे: माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ, माणसांनी वसलेली भूमी म्हणजे अर्थ, ती भूमी मिळवण्याचा आणि राखण्याचा उपाय सांगणारं शास्त्र म्हणजे अर्थशास्त्र. ग्रंथात कर आहेत, खाणी आहेत, वजनमापं आहेत, पण हेर, वेढे आणि तहही आहेत. ते राज्य चालवण्याचं शास्त्र आहे. आज आपण ज्याला अर्थशास्त्र म्हणतो त्याला त्या ग्रंथातला जवळचा शब्द आहे ‘वार्ता’: शेती, पशुपालन आणि व्यापार. पुढे वार्ता म्हणजे बातमी झाली आणि इंग्रजांच्या काळात आलेल्या नव्या विषयाला अर्थशास्त्र हे जुनं नाव चिकटलं. म्हणून ‘अर्थशास्त्राचा जनक कौटिल्य’ असं उत्तरपत्रिकेत दिसलं की मी गुण कापत नसे, पण मुलाला बोलावून हा फरक सांगत असे. हा ग्रंथ कित्येक शतकं विद्वानांच्याही नजरेआड होता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींनी तो शोधून १९०९ साली छापला, आणि पुढे आपल्या मुंबईत र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती तयार केली. मुंबई विद्यापीठाने ती १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत काढली. संस्कृत येत नसलं तरी ग्रंथालयात जाऊन ते तीन खंड एकदा हातात घेऊन पाहाच.

मग युरोपकडे वळा. तिथे अठराव्या शतकात हे स्वतंत्र शास्त्र म्हणून आकाराला आलं. फ्रान्सच्या राजदरबारातला वैद्य फ्रांस्वा केने याने १७५८ साली देशातला पैसा आणि धान्य एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे कसं फिरतं याचा तक्ता मांडला. ॲडम स्मिथ हा स्कॉटलंडचा, ग्लासगोला नीतिशास्त्राचा प्राध्यापक. त्याचं पहिलं मोठं पुस्तक, १७५९ सालचं, माणसाच्या नैतिक भावनांवर होतं. ‘राष्ट्रांची संपत्ती’ हा ग्रंथ १७७६ साली आला. आधी नीती आणि मग संपत्ती, हा क्रम मुलांना मुद्दाम सांगावा लागतो, कारण स्मिथ म्हणजे स्वार्थाचा पुरस्कर्ता एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं.

स्मिथचं सुरुवातीचं टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण मन लावून वाचा. एकटा माणूस दिवसभर राबला तरी वीस टाचण्या होणार नाहीत. तार ओढणारा, सरळ करणारा, कापणारा, टोक काढणारा असे दहा जण कामं वाटून घेतात तेव्हा दिवसाला ४८,००० होतात. आता पट्टीकडे परत या. हमाल, तोलारी, अडत्या, टेम्पोवाला ही टाचण्यांच्या कारखान्यासारखीच श्रमविभागणी आहे. मात्र कारखान्यात ती एका मालकाच्या हुकमाने चालते आणि बाजारात ती रूढीने, परवान्याने, ओळखीने चालते. या फरकावर मुलं एक अख्खा तास बोलायची.

आता व्याख्या. परीक्षेला तीन विचारतात: स्मिथची संपत्तीची, मार्शलची कल्याणाची, रॉबिन्सची दुर्मीळतेची. त्या पाठ करू नका, तिन्ही आपल्या पट्टीवर घासून पाहा.

स्मिथच्या नावावर ‘संपत्तीचं शास्त्र’ एवढंच छापतात, ते अपुरं आहे. ग्रंथाच्या चौथ्या भागाच्या आरंभी तो दोन उद्दिष्टं सांगतो: लोकांना भरपूर उत्पन्न मिळावं, किंबहुना ते त्यांना स्वतःच मिळवता यावं, आणि राज्याला सार्वजनिक कामांपुरता महसूल मिळावा. या व्याख्येने पट्टी वाचली तर २० क्विंटल कांदा दिसतो.

आल्फ्रेड मार्शल केंब्रिजचा. त्याचा ग्रंथ १८९० सालचा. पहिल्याच परिच्छेदात तो सांगतो की हा माणसाच्या रोजच्या जगण्याच्या व्यवहाराचा अभ्यास आहे; एका बाजूने संपत्तीचा आणि त्याहून महत्त्वाच्या बाजूने माणसाचा. या नजरेने पट्टी पाहिली की त्या १,७५८ रुपयांत आमच्या घरी काय आलं हे विचारावं लागतं. माझ्या बारावीच्या परीक्षेची फी आली, आईची चप्पल राहिली.

लायनेल रॉबिन्सने १९३२ साली लंडनहून मांडलं ते असं: माणसाची उद्दिष्टं अनेक, साधनं अपुरी, आणि त्या साधनांचे उपयोग वेगवेगळे; या ओढाताणीत माणूस कसा वागतो त्याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. मराठी माणूस लगेच म्हणतो, हे तर आमच्या म्हणीत आहे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. म्हण साधन अपुरं आहे एवढंच सांगते. रॉबिन्सचा प्रश्न पुढचा आहे: पांघरूण एक आणि झोपणारे पाच, तर ते कोणाच्या अंगावर ओढायचं? फी की चप्पल, हा निर्णय आमच्या घरात कोणी घेतला, कसा घेतला, आणि जिची चप्पल राहिली तिला कोणी विचारलं का?

‘याऐवजी काय?’ हा रकाना रॉबिन्सचाच. तरीही मला विचाराल तर मार्शलचा हात सोडू नका. रॉबिन्सची व्याख्या धारदार आहे, पण ती साधनं कोणाच्या हाती किती आणि का, या प्रश्नाशी थांबत नाही.

मार्शलच्याच गादीवर आलेल्या आर्थर पिगूने १९२० साली एक विसंगती दाखवली होती. घरकाम करणाऱ्या बाईला पगार असेपर्यंत तिचं काम राष्ट्रीय उत्पन्नात मोजलं जातं. मालकाने तिच्याशी लग्न केलं की तेच काम मोजणीतून गळतं. ही गोष्ट शिकवताना मी पट्टी उलटी करून दाखवत असे. मागच्या कोऱ्या बाजूला मी आईला विचारून लिहून ठेवलं होतं: रोपांची लागण ५ दिवस, खुरपणी १४ दिवस, काढणी आणि कापणी ९ दिवस. आईचे २८ दिवस. शेजारच्या बायकांना मजुरी दिली ती वडिलांच्या वहीत आहे, आईची कुठेच नाही. आपल्या सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि तेच काम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. आईने केलेली कांद्याची खुरपणी या २९९ मिनिटांतही धरलेली नाही, ती वेगळीच. तुमच्या कागदाची मागची बाजूही कोरी ठेवू नका.

पाठ्यपुस्तकातला एक वाक्प्रचार मुलांना रटाळ वाटतो: ‘इतर परिस्थिती कायम असताना’. तो ओलांडून पुढे जाऊ नका. रसायनशास्त्रवाल्याला परीक्षानळी आहे. आपल्याला समाज बाटलीत घालता येत नाही. म्हणून मनातल्या मनात बाकी सगळं थांबवून एकच गोष्ट हलवून बघायची. कांदा महागला तर मागणी घटेल, बाकी सगळं तसंच असताना. पण आषाढात कांदेनवमीला घरोघर भजी तळली जातात आणि त्यानंतर चातुर्मासात कित्येक घरांत कांदा-लसूण बंद होतो. तिथे भाव उतरला म्हणून मागणी वाढत नाही. मागणीच्या वक्ररेषेत श्रद्धा, चालीरीती, लाज, ईर्षा हे सगळं मिसळलेलं असतं. म्हणून वर्गात मांडलेला सिद्धान्त घेऊन बाजारात जायचं, आणि तो कुठे अडखळतो ते नोंदवायचं.

असं अडखळणं आपल्या माणसांनी फार पूर्वी ओळखलं होतं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. लोकहितवादींनी १८४९ साली या विषयावर मराठीत पुस्तक लिहिलं, ‘लक्ष्मीज्ञान’. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्यात डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडमधले सिद्धान्त काही गृहीतांवर उभे आहेत, माणूस एकेकटा आहे, स्पर्धा मोकळी आहे, भांडवल आणि मजूर हवे तिकडे जाऊ शकतात. आपल्याकडे कुटुंब आणि जात व्यक्तीपेक्षा बलवान, रूढी स्पर्धेपेक्षा बलवान, तेव्हा ते सिद्धान्त जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. सामाजिक शास्त्र म्हणजे काय हे याहून स्वच्छ मला कोणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर पुण्याजवळचं पिंपळे सौदागर. आज तिथे उंच इमारती आहेत, पण पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन ते गाव पाहिलं तेव्हा ते साधं शेतकरी खेडं होतं. त्यांनी जमिनीचा तुकडा न् तुकडा, कुटुंब न् कुटुंब, कर्ज न् कर्ज मोजलं आणि १९१७ साली अभ्यास छापला. १७७१ मध्ये सरासरी धारणा, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असं त्यांना आढळलं. तेव्हा सगळीकडे एकच उपाय बोलला जात होता: तुकडे जोडा, धारणा मोठी करा.

पुढच्याच वर्षी, १९१८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणांवर लेख लिहिला. कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर धारणा, अशी मान आणि मुंबई इलाख्याचे शेती संचालक कीटिंग यांची मांडणी होती. आंबेडकर म्हणाले, ही खाणाऱ्याच्या बाजूने केलेली व्याख्या झाली. शेत हा उत्पादनाचा धंदा आहे, तेव्हा एकरांबरोबर त्या जमिनीला भांडवल किती आणि राबणारे हात किती, हे प्रमाण बघा. आपल्याकडे भांडवल तोकडं आणि शेतीवर अडकून पडलेले हात फार. तेव्हा उद्योग वाढवून ते हात बाहेर काढा, म्हणजे शेतीचा प्रश्न सुटायला लागेल. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात हा विषय शिकवू लागले. पुढे लंडनला रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला. तो १९२३ साली छापला गेला, तेव्हा त्याची प्रस्तावना लंडनमधले त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली, आणि आपल्याला यातलं बरंच मान्य नाही असं त्यातच नमूद केलं. रॉबिन्सनेही ज्या कॅननच्या व्याख्येवर पुढे टीका केली, तेच हे कॅनन. गुरू असहमती छापून देतो आणि शिष्य ती अभिमानाने ग्रंथाच्या तोंडाशी ठेवतो, हे मुलांना सांगताना माझा आवाज दरवर्षी भरून यायचा.

हा १९१८ सालचा लेख नवशिक्याने जरूर वाचावा. मुद्दा कसा पकडायचा, समोरच्याच्या व्याख्येतला सांधा कुठे सैल आहे हे कसं दाखवायचं, ते तिथे शिकायला मिळतं. आधी मान यांनी काय मोजलं ते समजून घ्या, मग आंबेडकरांनी काय विचारलं ते वाचा. उलट्या क्रमाने वाचलंत तर वादाची धार कळणार नाही.

एक सवय मात्र पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. वहीत दोन रंगांची पेनं वापरा. ‘आहे’ ते निळ्याने, ‘असावं’ ते लाल शाईने. ‘कांद्याला खर्च भरून निघेल एवढा भाव मिळालाच पाहिजे’ हे लाल वाक्य. मी शेतकऱ्याची मुलगी, ते माझं मनापासूनचं वाक्य आहे. ‘भाव बांधून दिला तर पुढच्या हंगामात लागवड किती वाढेल आणि तो माल कोण उचलेल’ हे निळं. लाल वाक्याची लाज बाळगायची नाही. फक्त ते निळ्या शाईने लिहायचं नाही.

या सगळ्याचा कस लावायला मी मुलांना एक प्रश्न देत असे, तो तुम्हीही सोडवा. वडिलांच्या पट्टीवरची १३२ रुपयांची अडत शेतकऱ्याच्या रकमेतून कापली जायची. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असा नियम केला. तर मग शेतकऱ्याचे शेकडा सहा वाचले का? कागदावर वाचले. पण व्यापारी बोली लावतानाच ती रक्कम मनात वजा करून कमी दर पुकारू शकतो. ओझं शेवटी कोणावर पडणार हे पावतीवरच्या नावावरून ठरत नाही, कोणाला थांबणं परवडतं यावर ठरतं. हळवा कांदा टिकत नाही. टेम्पोचं भाडं भरून आणलेला माल परत नेणं परवडत नाही. अशा शेतकऱ्याला मिळेल तो दर घ्यावा लागतो आणि अडत गुपचूप त्याच्याच खिशातून जाते. गरवा, म्हणजे उशिरा तयार होणारा, कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, काही महिने राहतो. ज्याच्याकडे चाळ आहे तो आज दर पटला नाही तर माल घालत नाही, आणि त्याच्यापुरतं ओझं व्यापाऱ्याकडे सरकतं.

हे पुस्तकात वाचून पुरं होत नाही, म्हणून जवळच्या बाजार समितीत लिलावाच्या दिवशी सकाळी जा. लिलाव सुरू व्हायच्या आधी पोचा. एकाच ढिगाची पहिली बोली आणि शेवटची बोली लिहून घ्या, बोलणारे व्यापारी किती होते ते मोजा. हमाल चहाला बसले की त्यांना पिशवीमागे काय मिळतं आणि तो दर कोणी ठरवला ते विचारा. अडत्याकडे पट्टीचा नमुना मागा. विद्यार्थी आहे म्हटलं की बहुतेक जण देतात. आणि माल न विकता पिशव्या परत टेम्पोत चढवणारा कोणी दिसला, तर बाकी सगळं सोडून त्याच्याकडे जा. घरी चाळ आहे का, किती क्विंटलची, ती बांधायला पैसे कुठून आणले, आणि या महिन्यात घरात पैशांची कोणती नड आहे, हे त्याला विचारा.